सिलिकॉन व्हॅलीला वर्गाची अभ्याससहल: जाण्याआधी काय वाचावं, तिथे काय विचारावं?

सायली_म

नमस्कार मंडळी. मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सत्रात आमच्या वर्गाची अभ्याससहल सिलिकॉन व्हॅलीला जाणार आहे. कार्यक्रम ठरलेला आहे: दोन मोठ्या टेक कंपन्यांची कार्यालयं, दोन स्टार्टअप, सँड हिल रोडवरची एक व्हेंचर कॅपिटल फर्म (व्हीसी, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे घालून हिस्सा घेणारी), स्टॅनफर्डचं आवार आणि एक दुपार मोकळी. प्रत्येक गटाकडे एक भेट सोपवली आहे. त्या ठिकाणची पूर्वतयारी, सुरुवातीचे प्रश्न आणि परतल्यावरचा अहवाल हे सगळं त्या गटानं करायचं. आमच्या वाट्याला व्हेंचर कॅपिटल फर्म आली आहे.

मी मूळची वाणिज्य शाखेची. ताळेबंद बऱ्यापैकी वाचता येतो, पण टेक्नॉलॉजीची पार्श्वभूमी अजिबात नाही. आमच्या आधीच्या तुकडीतल्या काहींशी बोलले. त्यांना आठवतात त्या रंगीत सायकली, कॅफेटेरिया आणि पाट्यांसमोरचे फोटो. माझ्या पदरात याहून जास्त काही पडावं असं फार वाटतं. महिनाभर हातात आहे. तो कसा वापरू? मोकळ्या दुपारी कुठे जावं, तेही सांगा.

---

निळी_टेकडी

सायली, विचारलंस ते बरं केलंस. बरेच जण विमानात बसल्यावर पहिल्यांदा विचार करायला लागतात.

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, बरीच वर्षं राहते. आधी एक अपेक्षा बाजूला ठेव: बघण्यासारखं तिथे फार कमी आहे. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे साधारण ८० किलोमीटरचा पट्टा, १०१ आणि २८० हे दोन हमरस्ते, मध्ये छोटी छोटी गावं, बुटकी ऑफिसं आणि भलेमोठे पार्किंग लॉट. सँड हिल रोडवर पैशाचे एवढे व्यवहार होतात, पण रस्त्यावरून झाडी आणि दोन मजली लाकडी-काचेच्या इमारतींपलीकडे काही दिसत नाही. अ‍ॅपल पार्कमध्ये पाहुण्यांना मुख्य इमारतीत प्रवेश नाही, समोरच्या व्हिजिटर सेंटरवरून परतावं लागतं.

या व्हॅलीत बघायचं ते माणसांचं एकमेकांशी नातं. कोण कुणाकडे होतं, कुणी कुणाला पैसे दिले, कोण भांडून बाहेर पडलं. ते आधी वाचून गेलीस, तर त्याच इमारती बोलायला लागतील.

एक उदाहरण देते. मेन्लो पार्कमध्ये फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या दारात अंगठ्याची प्रसिद्ध पाटी होती. सगळे पुढून फोटो काढायचे. मागे जाऊन बघितलं की त्याच पाटीवर सन मायक्रोसिस्टिम्सचं नाव. आधी ते आवार सनचं होतं. फेसबुकनं जागा घेतली तेव्हा जुनी पाटी फेकली नाही, उलटी करून वापरली. सन कोण? १९८२ ची कंपनी, विनोद खोसला, अँडी बेख्टोलशाइम, स्कॉट मॅकनीली आणि बिल जॉय यांची. एके काळी दबदबा असलेली ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलनं गिळली. आणि याच बेख्टोलशाइमनी ऑगस्ट १९९८ मध्ये गूगलच्या दोघा संस्थापकांना एक लाख डॉलरचा चेक लिहून दिला, कंपनीची नोंदणी व्हायच्या आधीच! चेक कंपनीच्या नावे, आणि त्या नावाची कंपनीच अजून अस्तित्वात नाही. नोंदणी झाली सप्टेंबरमध्ये.

एका पाटीच्या मागून एवढं निघतं.

---

जयवंत_प्र

निळी_टेकडी यांना अनुमोदन. मी सेमीकंडक्टर क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. हा इतिहास धंद्याच्या विद्यार्थ्यानं वाचलाच पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सायली, तुझ्या गटाला व्हेंचर कॅपिटल मिळालंय, तर सुरुवात १९५७ पासून कर. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी १९५६ चं नोबेल मिळालेल्यांपैकी एक विल्यम शॉकली. त्यांनी माउंटन व्ह्यूमध्ये सॅन अँटोनिओ रोडवर प्रयोगशाळा काढली आणि देशभरातून उत्तम तरुण गोळा केले. हुशार माणसं निवडणं त्यांना जमलं, त्यांना सांभाळणं जमलं नाही. वर्षभरात सगळे मेटाकुटीला आले आणि आठ जणांनी एकदम राजीनामा दिला. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, यूजीन क्लायनर, जाँ होर्नी, जे लास्ट, ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच, शेल्डन रॉबर्ट्स.

आता इथे थांब. आठ जणांना एकत्र राहायचं होतं. आधी ते एखादी कंपनी आपल्याला एकगठ्ठा नोकरी देईल का, हे शोधत होते. न्यूयॉर्कच्या एका गुंतवणूक फर्ममधल्या आर्थर रॉक या तरुणानं त्यांना सुचवलं की नोकरी कशाला, स्वतःची कंपनी काढा. रॉकनं दारोदार फिरून शेवटी शर्मन फेअरचाइल्ड यांना तयार केलं. आठ जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले, फेअरचाइल्डच्या कंपनीनं सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर उभे केले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सुरू झाली. पण करारात एक कलम होतं: मूळ कंपनीला हवं तेव्हा ३० लाख डॉलरला सगळे समभाग विकत घेता येतील. धंदा चालला आणि १९५९ मध्ये त्यांनी ते कलम वापरलं.

आठ जण श्रीमंत झाले खरे, पण त्या क्षणापासून ते नोकर होते. नफा पूर्व किनाऱ्यावरच्या मूळ कंपनीकडे जाऊ लागला. कर्मचाऱ्यांना समभागात वाटा द्या, ही मागणी तिथे कुणाच्या गळी उतरेना. मग गळती लागली. १९६८ मध्ये नॉइस आणि मूर बाहेर पडले, इंटेल काढली, पैसे जमवून दिले पुन्हा आर्थर रॉकनीच, २५ लाख डॉलर. १९६९ मध्ये फेअरचाइल्डमधल्याच जेरी सँडर्स आणि मंडळींनी एएमडी काढली. १९७२ मध्ये यूजीन क्लायनर यांनी टॉम पर्किन्सबरोबर व्हेंचर फर्म काढली. त्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये विक्री बघितलेल्या डॉन व्हॅलेंटाइन यांनी सेकोया. फेअरचाइल्ड आणि इंटेलमध्ये काम केलेले माइक मार्कुला १९७७ मध्ये अ‍ॅपलमध्ये पैसे आणि अनुभव घेऊन आले.

समभागांच्या एका कलमामुळे ही सगळी पांगापांग झाली. ईसॉप (कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना) म्हणून आपण आज जे शिकतो त्याची गरज का पडली, ते इथे दिसतं. तुमच्या फर्मच्या भागीदारांची नावं त्यांच्या साइटवर असतीलच. प्रत्येकजण आधी कुठे होता, ते काढ आणि अशीच साखळी मांडून बघ.

---

अर्धविराम

+१. जयवंतकाकांचा प्रतिसाद साठवून ठेवला.

---

ऋता_देश

काकांच्या साखळीत एक कायद्याचा दुवा जोडते, कारण तो बहुतेकदा राहून जातो. हे लोक सोडून गेले आणि शेजारच्याच रस्त्यावर स्पर्धक कंपनी काढली, तरी त्यांना कुणी रोखलं कसं नाही?

कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नको, असं बांधून घेणारं कलम बहुतांशी निरर्थक ठरतं. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम १६६००. त्याचं मूळ १८७२ च्या दिवाणी संहितेत आहे, तेव्हा टेक्नॉलॉजीचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. व्यापारगुपितं चोरता येत नाहीत, त्यावर खटले होतात, पण डोक्यातलं कौशल्य घेऊन माणूस पलीकडे जाऊ शकतो. इतर देशांनी आणि राज्यांनी टेक पार्क बांधले, करसवलती दिल्या. माणसाला मोकळं सोडणारा कायदा मात्र फार थोड्यांनी केला. मोठ्या कंपनीच्या भेटीत हा विषय नक्की काढा: "तुमची माणसं सोडून गेली की तुम्ही त्यांच्याकडे कसं बघता?" मनुष्यबळ विभागातला माणूस समोर असेल तर या प्रश्नावर छान बोलतो.

---

सायली_म

केवढं दिलंत सगळ्यांनी! निळी_टेकडी, ती पाटीची गोष्ट मी गटात सांगितली, सगळे मागे लागलेत की तिथे जाऊच. काका, साखळी मांडायला घेतली आहे.

आता अडते ती व्हीसीच्या गणितापाशी. ते कंपनीला कर्ज देत नाहीत, नियमित परतावा मागत नाहीत, बहुतेक कंपन्या बुडणार हे धरून चालतात. मग "चांगला धंदा" म्हणजे त्यांच्या लेखी काय? आमच्या वर्गात एकानं विचारलं की फायद्यात चाललेल्या कंपनीला ते नाही कसं म्हणू शकतात, आणि कुणालाच नीट सांगता आलं नाही.

---

चक्रवाढ

मी या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे उत्तर देतो. तू वाणिज्यची आहेस, हे तुझ्या फायद्याचं आहे, कारण हा सगळा आकड्यांचा खेळ आहे.

व्हीसीचा पैसा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे राखीव निधी, श्रीमंत कुटुंबं यांच्याकडून फंड उभा राहतो. पेन्शन फंडांची दारं खऱ्या अर्थानं उघडली १९७९ मध्ये. अशी जोखमीची गुंतवणूक विश्वस्तांच्या सावधगिरीच्या नियमाच्या आड येत नाही, असं तेव्हा अमेरिकेच्या कामगार खात्यानं स्पष्ट केलं. फंडाची मुदत साधारण १० वर्षं. फर्म वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास व्यवस्थापन शुल्क घेते आणि नफ्यात २० टक्के वाटा, हा रूढ पायंडा.

आता गणित कर. समज फंड १० कोटी डॉलरचा आहे आणि गुंतवणूकदारांना तिप्पट, म्हणजे ३० कोटी परत द्यायचे आहेत. गुंतवणुकीच्या पुढच्या फेऱ्यांत नवे समभाग निघून हिस्सा पातळ होत होत कंपनी विकली जाताना फंडाकडे सरासरी १५ टक्के उरतो, असं धर. मग ३० कोटी मिळवायला त्यांच्या सगळ्या कंपन्या मिळून २०० कोटी डॉलरला विकल्या गेल्या पाहिजेत. एखादी छान, प्रामाणिक, फायद्यातली कंपनी ५ कोटी डॉलरला विकली गेली तर फंडाच्या हाती येतात ७५ लाख. संस्थापकाचं आयुष्य बदलतं, पण फंडाचा आकडा तसूभर हलत नाही. त्यामुळे समोर बसलेला भागीदार एवढंच बघतो: ही एकटी कंपनी अख्खा फंड परत करू शकेल का? तुमच्या वर्गातल्या मित्राला हे सांग.

टर्म शीटमधलं (गुंतवणुकीच्या अटींच्या कागदातलं) एक कलम तरी हातानं सोडवून जा: लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेली की आधी आपले पैसे काढून घ्यायचा हक्क. व्हीसीनं १ कोटी घालून २० टक्के घेतले, प्रेफरन्स एकपट, आणि कंपनी ३ कोटीला विकली गेली. २० टक्क्यांनी त्याला ६० लाख मिळाले असते, पण प्रेफरन्समुळे तो आपला १ कोटी आधी काढून घेतो आणि उरलेल्या २ कोटींत बाकीचे. विक्री किंमत ५ कोटीच्या वर गेली तरच तो २० टक्क्यांचा हिस्सा पसंत करेल. किंमत बदलत बदलत एक तक्ता कर. भेटीत कुणी हा शब्द उच्चारला की तुला त्या क्षणी तो कळेल.

आणि हो, फर्मनं पैसे घातलेल्या एखाद्या कंपनीचा आयपीओ झाला असेल तर तिचा एस-१ हा आयपीओआधीचा नोंदणी दस्तऐवज एसईसीच्या (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या) एडगर साइटवर फुकट मिळतो. नोंदणीकृत कंपन्यांचा वार्षिक १०-के अहवालही तिथेच. मोठ्या कंपन्यांच्या भेटी ज्या गटांकडे आहेत त्यांना १०-के मधला जोखमींचा भाग वाचायला सांग. कंपनीला खरी भीती कशाची वाटते, ते तिथे वकिलांच्या भाषेत का होईना लिहिलेलं असतं. एनव्हिडियाचा वाचलात तर कळेल की ती कंपनी चिप आखते, पण बनवून घेते दुसऱ्याकडून, मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडून. "चिप कंपनी" म्हटल्यावर डोळ्यासमोर कारखाना येतो, तो सँटा क्लारात शोधून सापडणार नाही.

---

रानवाट

चर्चा उत्तम चालली आहे. पण मला एक गोष्ट खटकते, ती स्पष्ट लिहिते. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत व्हॅली म्हणजे संस्थापक, पैसे देणारे आणि वकील. अभ्याससहलीत दुसरी बाजू कार्यक्रमात नसतेच, म्हणून ती वाचून जाणं जास्त गरजेचं.

सँटा क्लारा काउंटी पूर्वी फळबागांसाठी प्रसिद्ध होती, जर्दाळू आणि प्रून्ससाठी. त्याच जमिनीत पुढे चिप कारखान्यांची रसायनं झिरपली. ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावणं जमिनीखालच्या टाक्यांतून गळली आणि भूजलात गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन होजेत हे उघडकीला आलं. या काउंटीत सुपरफंड यादीतली (सफाईसाठी सरकारनं ठरवलेल्या प्रदूषित जागांच्या यादीतली) २३ ठिकाणं नोंदली गेली, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. स्वच्छ उद्योग म्हणून ज्याची ख्याती होती, त्याचा हा हिशोब अजून चुकता होतो आहे. माउंटन व्ह्यूमधल्या जुन्या कारखान्यांच्या जागी आज ऑफिसं आहेत आणि खाली भूजल शुद्धीकरण चालू आहे.

मेन्लो पार्क आणि पालो आल्टोला लागून ईस्ट पालो आल्टो आहे. पलीकडच्या कार्यालयांत साफसफाई, स्वयंपाक, सुरक्षा करणाऱ्यांना या भागात घर परवडणं किती अवघड आहे, हे तिथल्या कुणालाही विचारा. एमबीए करून तुम्ही उद्या निर्णय घेणाऱ्या खुर्चीत बसणार, म्हणून कळकळीनं सांगते.

---

निळी_टेकडी

रानवाट, पूर्ण सहमत. माझ्या शेजारच्या शाळेतल्या शिक्षिका रोज इतक्या लांबून येतात की सूर्योदयाआधी घर सोडतात.

---

जयवंत_प्र

रानवाट यांचं म्हणणं खरं आहे. आम्ही त्या काळी कारखान्यात काम करणाऱ्यांनी ती द्रावणं रोज हाताळली आहेत. त्याविषयी जितकं बोललं जायला हवं तितकं या क्षेत्रात बोललं जात नाही.

अपयशांचाही अभ्यास कर, सायली. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, ती तुझ्या विषयाच्या ऐन मध्यावर येते. स्टार्टअपच्या ठेवी एकवटलेल्या, बहुतेक विम्याच्या मर्यादेबाहेरच्या. बँकेनं व्याजदर कमी असताना लांब मुदतीचे रोखे घेतले, दर वाढले तशा त्यांच्या किमती घसरल्या. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या, १० तारखेला नियामकांनी बँक बंद केली. सगळे एकमेकांना ओळखतात, ही या व्हॅलीची ताकद म्हणून आपण वर इतकं लिहिलं. त्या दिवशी त्याच ओळखींतून "पैसे काढा" हा निरोप तासाभरात सगळीकडे पोचला.

---

चक्रवाढ

काका, हा मुद्दा फार मोलाचा. सायली, तुमच्या फर्मला हे विचारा. त्या आठवड्यात आपल्या कंपन्यांना त्यांनी काय सल्ला दिला, पगार कसे झाले. तिथल्या जवळजवळ प्रत्येकाकडे त्या चार दिवसांची हकीकत आहे आणि ती सांगायला लोक तयार असतात.

---

अर्धविराम

मोकळ्या दुपारीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माउंटन व्ह्यूचं कम्प्युटर हिस्टरी म्युझियम, दुसरा विचार नको. फक्त उघडण्याचे वार आधी बघा, रोज उघडं नसतं. तिथे १९५९ साली जाहीर झालेलं आयबीएम १४०१ हे संगणक यंत्र दुरुस्त करून चालू ठेवलं आहे आणि जुने अभियंते स्वतः ते चालवून दाखवतात. पंच मशीनवर आपलं नाव टाइप केलं की प्रत्येक अक्षरागणिक कार्डात भोक पडल्याचा ठसका बोटांना लागतो. मग ते ८० स्तंभांचं कार्ड हातात येतं. एका ओळीची माहिती साठवायला एक अख्खं कार्ड! साठवणूक स्वस्त झाली म्हणजे काय झालं, हे त्या कार्डाकडे बघून जेवढं कळलं तेवढं आलेखांवरून मला कधी कळलं नव्हतं.

पालो आल्टोत ३६७ अ‍ॅडिसन अ‍ॅव्हेन्यूला ह्यूलेट आणि पॅकार्ड यांचं गॅरेज आहे, ५३८ डॉलरवर सुरू झालेल्या कंपनीचं. आत जाता येत नाही, फुटपाथवरून बघायचं. वाटेत असेल तर जा, मुद्दाम वळसा नको.

एका दिवशी सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे दोन्हीकडे भेटी ठेवल्या असतील तर शिक्षकांना सांगून बदला. १०१ वर संध्याकाळी अडकलात की संपलं. कॅलट्रेन ही रेल्वे २०२४ पासून विजेवर धावते, दोन्ही शहरं आणि पालो आल्टो, माउंटन व्ह्यू तिच्याच मार्गावर आहेत.

---

ऋता_देश

वागण्याबोलण्याबद्दल थोडं. रिसेप्शनवर टॅबलेटवर नाव नोंदवताना गोपनीयतेचा करार समोर येतो, न वाचता सही ठोकू नका. फळ्यावर काही लिहिलेलं असेल तर त्याच्या दिशेनं फोन धरू नका. नोकरीचा विषय आणि बायोडेटा त्या भेटीत नको, यजमान लगेच सावध होतो. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आभाराची मेल, आणि त्यात "तुम्ही अमुक म्हणालात, त्यावर आम्ही असा विचार केला" असं एक तरी नेमकं वाक्य. पुढच्या तुकडीला तेच दार उघडतं.

---

सायली_म

गटाची बैठक झाली. तुमच्या प्रतिसादांवरून प्रश्नांचा पहिला खर्डा केला आहे. निर्दयपणे बघा:

तुम्ही गुंतवणूक करताना काय बघता?
मागच्या वर्षी तुम्ही नाकारलेल्या एखाद्या फायद्यातल्या कंपनीबद्दल सांगाल का, नाव न घेता?
मार्च २०२३ च्या त्या आठवड्यात तुमच्या कंपन्यांना काय सांगितलंत?
तुमचे गुंतवणूकदार कोण, आणि ते तुम्हाला कोणते प्रश्न विचारतात?
एआयचं भविष्य काय?
इथल्या घरांच्या किमतींचा तुमच्या कंपन्यांच्या नोकरभरतीवर काय परिणाम होतो?

---

चक्रवाढ

पहिला आणि पाचवा काढून टाक. दोन्हीची पाठ केलेली उत्तरं प्रत्येक फर्मकडे तयार असतात, दहा मिनिटं जातील. पाचव्याऐवजी असं विचार: एआय कंपन्यांना संगणनासाठी सुरुवातीलाच प्रचंड भांडवल लागतं, मग पुढच्या फेऱ्यांत तुमच्या आकाराच्या फंडाचा हिस्सा टिकतो का? वरचं १५ टक्क्यांचं गणित इथे लागू कर, म्हणजे प्रश्न कुठून आला ते त्यांना लगेच कळेल.

दुसऱ्या प्रश्नानं सुरुवात कर. नकाराबद्दल बोलताना माणूस आपले निकष आपोआप सांगतो. चौथा शेवटून दुसरा ठेव, तोवर समोरचा मोकळा झालेला असतो. घरांचा प्रश्न ठेवच, तो फारसा कुणी विचारत नाही.

---

रानवाट

घरांच्या प्रश्नात "कंपन्यांच्या नोकरभरतीवर" एवढंच नको. कार्यालय चालवणाऱ्या कंत्राटी कामगारांचंही विचारा, ते कुठून येतात.

---

सायली_म

दोन्ही बदल केले. रानवाट, तो प्रश्न मी स्वतः विचारणार आहे. चक्रवाढ, लिक्विडेशन प्रेफरन्सचा तक्ता केला. एकपटला ५ कोटीवर रेषा वळते ते दिसलं, आता दुपटीला तीच रेषा १० कोटीवर जाते का ते ताडून बघते आहे. बरोबर आहे ना?

---

चक्रवाढ

अगदी बरोबर. २ कोटी भागिले २० टक्के. आता त्यात गुंतवणुकीची दुसरी फेरी घाल आणि दुसऱ्या व्हीसीचा हक्क पहिल्याच्या वर ठेवून बघ. संस्थापकांच्या हाती शून्य येण्याची किंमत कुठवर सरकते, तो आकडा इथे टाक.